सेवक म्हणवणाऱ्याची परीक्षा

नमस्कार श्रोतेहो.

ज्याला मोठं व्हायचं आहे त्याने सगळ्यांचा सेवक व्हावं, ही शिकवण मी लहानपणापासून ऐकत आले. ती जिथे येते तो बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय मला जवळजवळ तोंडपाठ होता. पण ही शिकवण तपासून पाहता येते, तिला प्रश्न विचारता येतो आणि एखाद्या संस्थेत ती चक्क खोटीही ठरू शकते, हे मला उमगलं वयाच्या ४२ व्या वर्षी. तेव्हा मी एका ख्रिस्ती विद्यापीठात संघटनात्मक नेतृत्व या विषयात डॉक्टरेट करायला घेतली होती. त्याच अभ्यासाविषयी आज मी बोलणार आहे.

आधी विषयाचं नाव. मराठीत नेता म्हटलं की व्यासपीठ आणि माइक डोळ्यांपुढे येतो. या अभ्यासातलं नेतृत्व मात्र फार घरगुती आहे. रुग्णालय, शाळा, कारखाना, चर्च, जिथे जिथे माणसं एकत्र येऊन काम करतात तिथे निर्णय कोण घेतं, कुणाला विचारून घेतं, आणि त्या निर्णयाचं ओझं शेवटी कुणाच्या खांद्यावर पडतं, एवढाच त्याचा विषय. मग तो ख्रिस्ती विद्यापीठातच का शिकायचा? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला, आणि तो रास्त आहे.

माझं उत्तर असं, की ख्रिस्ती परंपरा या प्रश्नाशी फार जुन्या काळापासून झटते आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत एकटाच बसलेला दिसतो. त्याचा सासरा इथ्रो भेटायला येतो, हे सगळं पाहतो आणि सरळ म्हणतो, तू करतोस ते बरं नाही, तूही थकशील आणि हे लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. इथ्रो इस्राएली नव्हता, मिद्यानचा याजक होता. म्हणजे बाहेरच्या माणसाचा सल्ला ऐकून कामाची घडी बदलण्याची गोष्ट खुद्द पवित्र शास्त्रातच आहे. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठाचे नियम वाचताना तर मी थक्क झाले. महत्त्वाचा निर्णय असेल तेव्हा मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, कारण पुष्कळदा देव अधिक चांगला मार्ग सर्वांत धाकट्याला सुचवतो, असं तिसऱ्या प्रकरणात आहे. चौसष्टाव्या प्रकरणात म्हटलंय की मठाधिपतीने लोकांवर अंमल गाजवण्यापेक्षा त्यांच्या उपयोगी पडावं. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा मजकूर. आणि आपण सर्रास वापरतो तो करिश्मा हा शब्दही ख्रिस्ती परंपरेतलाच. बायबलमधल्या पौलाच्या पत्रांत त्याचा अर्थ कृपेने मिळालेलं दान. मॅक्स वेबर या समाजशास्त्रज्ञाने तो उचलून सत्तेच्या चर्चेत आणला, आणि आज आपण तो कुणाही रुबाबदार माणसाला चिकटवतो.

पण या अभ्यासशाखेला आजचं वळण दिलं ते कुणा धर्मगुरूने नव्हे, एका टेलिफोन कंपनीतल्या माणसाने. रॉबर्ट ग्रीनलीफ. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीच्या व्यवस्थापन-प्रशिक्षणात आयुष्य घालवून ते १९६४ मध्ये निवृत्त झाले. पंथाने क्वेकर, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे. १९७० साली त्यांनी सेवक-नेतृत्वावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की खरा नेता आधी सेवक असतो, नेतेपण मागाहून येतं. इथवर ठीक, असं कुणीही म्हणेल. मात्र ग्रीनलीफ तिथे थांबले नाहीत, त्यांनी कसोटी दिली. ज्यांची सेवा केली ती माणसं माणूस म्हणून वाढली का? अधिक निरोगी, शहाणी, मोकळी झाली का? उद्या तीही कुणाची सेवा करतील, अशी शक्यता वाढली का? आणि समाजातल्या सर्वांत वंचित माणसाचं काय झालं, त्याचा काही फायदा झाला का, निदान त्याच्या पदरचं आणखी काही गेलं तर नाही ना?

श्रोतेहो, या कसोटीत नेत्याच्या हेतूबद्दल एकही प्रश्न नाही, तो किती प्रार्थना करतो याचीही चौकशी नाही. सगळे प्रश्न समोरच्या माणसाविषयी आहेत. माझ्या अभ्यासाचा कणा हाच होता.

आता अभ्यासक्रमाविषयी थोडं. कुणी पीएचडी करतं, कुणी एडडी म्हणजे शिक्षणक्षेत्रातली डॉक्टरेट. पहिलीचा कल नव्या सिद्धान्ताकडे, दुसरीचा प्रत्यक्ष कामातल्या प्रश्नाकडे, पण सीमारेषा पुसट आहे. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी सुमारे ६० क्रेडिट पुरे करावे लागतात. बहुतेक विद्यार्थी नोकरी सांभाळून शिकणारे, त्यामुळे वर्ग बराचसा ऑनलाइन आणि अधूनमधून काही दिवस एकत्र राहून. श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर प्राध्यापकांना बऱ्याच ख्रिस्ती विद्यापीठांत सही करावी लागते. विद्यार्थ्यांना काही ठिकाणी लागते, काही ठिकाणी नाही. हे आधी विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगते. प्रवेश घेण्याआधी त्या विद्यापीठाला मान्यता कुणाची आहे ते तपासा. अमेरिकेच्या काही राज्यांत धार्मिक पदव्या देणाऱ्या संस्थांना राज्याच्या परवान्यातून सूट आहे. त्या सुटीचा आडोसा घेऊन पैसे मोजले की डॉक्टर करून देणारी दुकानंही उभी राहिली आहेत. नावात ख्रिस्ताचं नाव आहे म्हणून कागद खरा ठरत नाही. मान्यता देणारी संस्थाही खरी आहे ना, तेही बघा, कारण खोट्या विद्यापीठांनी स्वतःपुरत्या खोट्या मान्यता-संस्थासुद्धा काढलेल्या आहेत.

असो. खरी लढाई प्रबंधाची. वर्गातले विषय संपतात, सर्वंकष परीक्षा होते आणि पुष्कळजण तिथेच थबकतात. वर्षानुवर्षं 'प्रबंध तेवढा राहिलाय' म्हणत राहतात. माझ्या प्रबंधाचा पहिला मसुदा मार्गदर्शकांनी परत पाठवला तेव्हा वर एकच ओळ होती. 'हे प्रवचन आहे. प्रश्न कुठे आहे?' मला राग आला, रडूही आलं. पण त्यांचं बरोबर होतं. सेवक-नेतृत्वाने संस्था सुधारते, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं आणि आता फक्त पुरावे गोळा करायला निघाले होते.

त्यानंतर त्यांनी मला इतरांचे प्रबंध वाचायला लावले. २००३ साली व्हर्जिनियातल्या रीजंट विद्यापीठात कॅथलीन पॅटरसन यांनी सेवक-नेतृत्वाचे सात गुण मांडले, आणि त्यांची सुरुवात केली प्रेमापासून. ग्रीकमध्ये ज्याला अगापे म्हणतात त्या प्रेमापासून. मग नम्रता, परोपकार, दृष्टी, विश्वास, दुसऱ्याला सक्षम करणं आणि शेवटी सेवा. डॉक्टरेटच्या प्रबंधात प्रेम हा अभ्यासाचा घटक! दुसऱ्या एखाद्या ठिकाणी हे मांडायला धीर लागला असता. पुढे इतर संशोधकांनी हे गुण मोजण्यासाठी प्रश्नावल्या केल्या. त्याआधी १९९९ मध्ये जेम्स लॉब यांनी आपल्या प्रबंधातून एक प्रश्नावली तयार केली होती. तीत वरचे अधिकारी, मधले आणि अगदी खालचे कर्मचारी, तिघांनाही तेच प्रश्न विचारले जातात आणि तिघांच्या उत्तरांतलं अंतर पाहिलं जातं. मला ही युक्ती फार आवडली, कारण ते अंतरच सगळं बोलून जातं.

पण मोजणं सोपं नाही, आणि ख्रिस्ती संस्थांत तर त्याहून नाही. जिथे नम्रता हा सद्‌गुण मानला जातो तिथे आपला प्रमुख नम्र आहे का, या प्रश्नाला 'पूर्णपणे सहमत' हेच उत्तर येतं. 'नाही' म्हणणं म्हणजे जणू पाप. त्यात तुमची प्रश्नावली त्याच प्रमुखाच्या ईमेलमधून गेली, की निकाल आधीच लागला. माझी पहिली चाचणी अशीच गेली. आकडे इतके गोड आले की मार्गदर्शकांनी ते बाजूला ठेवले आणि म्हणाले, आता माणसांशी बोला.

बोलण्याआधी विद्यापीठाच्या नीती-समितीची परवानगी लागते. मी तेव्हा कुरकुर केली, तीन वेळा अर्ज परत आला होता. पण या समित्यांमागे काय घडलं होतं ते वाचलं आणि गप्प झाले. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं शेकडो गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिस हा गुप्तरोग असल्याचं न सांगता, त्यावरचं पेनिसिलिन हे औषध उपलब्ध झाल्यावरही ते न देता, आजार कसा वाढतो हे सरकारी आरोग्यखातं बघत राहिलं. ते उघडकीला आल्यावर १९७४ मध्ये कायदा झाला. संमतिपत्र, नाव गुप्त ठेवण्याची हमी, कधीही उठून जाण्याची मुभा, हे सगळं त्यातून आलं.

माझ्या मुलाखती एका ख्रिस्ती रुग्णालयात झाल्या. तिथे सफाईचं काम करणाऱ्या एक बाई होत्या. संमतिपत्र त्यांनी दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, 'साहेबांना कळणार नाही ना?' नाही, म्हटलं. तरी पहिली वीस मिनिटं त्या साहेबांचं कौतुकच करत होत्या. मग मी रेकॉर्डर बंद करू का विचारलं. त्या म्हणाल्या, 'नको, असू दे,' आणि बोलायला लागल्या. इथे सगळे सेवा म्हणतात, त्या म्हणाल्या. मी जादा पाळी केली तर ती सेवा. त्यांनी मला रजा दिली तर ते उपकार.

या वाक्याने माझा प्रबंध बदलला. सेवा हा शब्द वरून खाली येताना कुठे कुठे अर्थ बदलतो, हाच माझा प्रश्न झाला. त्या रुग्णालयाचे प्रमुख वाईट गृहस्थ नव्हते, हेही मला लिहावं लागलं. दर आठवड्याला ते स्वतः वॉर्डांतून फिरत, प्रत्येकाला नावाने हाक मारत. बहुतेकांनी ते मनापासून सांगितलं. ज्या श्रद्धेवर मी वाढले तिचं कौतुक करणारे पुरावे आणि तिला अडचणीत आणणारे पुरावे एकाच प्रकरणात शेजारी शेजारी ठेवणं, हे मला सर्वांत जड गेलं. माझ्या मार्गदर्शकांच्या मते याला श्रद्धा कमी नाही, जास्त लागते. तेव्हा मला ते पटलं नव्हतं, आता पटतं.

मुलाखती लिहून झाल्या की त्या ज्याच्या त्याला वाचून दाखवायच्या आणि आपण बरोबर समजलो का हे विचारायचं, अशी एक पद्धत आहे. मी त्या बाईंना त्यांचा भाग वाचून दाखवला. त्यात माझं एक वाक्य होतं, 'प्रमुख कर्मचाऱ्यांचं ऐकून घेतात.' त्यांनी मला थांबवलं.

'ऐकतात,' त्या म्हणाल्या, 'पण उभ्या उभ्या. बसून नाही. तसं लिहा.'

चौथ्या प्रकरणात ते वाक्य आता तसंच आहे. नमस्कार.