बाहेरूनही कल्हई

मंडळी, सोलापूरला समुद्र नाही. सिद्धेश्वर तलाव आहे, कंबर तलाव आहे. पण तिथे कुणी पाणबुड्याचं असं हेल्मेट घालून उतरलेलं माझ्या पाहण्यात नाही. तरी टेबलावरची ही दोन डोकी आपल्याला परकी वाटू नयेत, कारण दोन्ही तांब्याची आहेत आणि तांबं आपल्या स्वयंपाकघरातलं.

डावीकडचं लखलखणारं माझं. मुंबईच्या चोरबाजारात मी ते 'अमेरिकन नौदलाचं अस्सल' म्हणून घेतलं. उजवीकडचं कळकट, राखाडी हेल्मेट एका स्नेह्याकडून दोन दिवसांपुरतं मागून आणलंय. अस्सल ते आहे. माझं म्हणजे दिवाणखान्यात मांडायची नक्कल! असो.

पाणबुड्याचं असं बंद हेल्मेट ऑगस्टस सीब यांनी लंडनमध्ये १८३७ च्या सुमारास घडवलं. हे उजवीकडचं मात्र अमेरिकन, 'मार्क पाच' नमुन्याचं. १९१६ पासून १९८० च्या दशकापर्यंत तिथल्या नौदलाने हेच वापरलं. छातीपट्टा, म्हणजे खाली खांद्यांवर-छातीवर बसणारा भाग, धरून वजन साधारण २५ किलो. शिशाचा पट्टा, बूट, सगळं चढवलं की ८५ च्या पुढे. १९३९ साली 'स्क्वालस' पाणबुडी बुडाली आणि ३३ जण जिवंत वर आले, तेव्हा ७० मीटरहून खोल उतरलेल्या पाणबुड्यांच्या डोक्यावर हेच होतं.

आता त्याची अवस्था बघू. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा हात आपसूक चिंचेकडे गेला होता. स्नेही ओरडलेच, "घासायचं नाही!" हा राखाडी थर मळ नाही, कल्हई आहे. आपण पातेल्याला आतून कल्हई करतो, पदार्थ कळकू नये म्हणून. नौदलाने बाहेरूनही केली, खाऱ्या पाण्यासाठी. पुढे हौशी मालकांनी घासून घासून ती उडवली आणि तांबं चमकवलं. कितीतरी जुनी हेल्मेटं अशीच नागडी झाली आहेत. इथे मात्र डोक्यावरच्या या दोन पोच्यांशी तेवढी कल्हई उडालीय, बाकी शाबूत आहे. मानेच्या कडेला हिरवट कळंक दिसतो. तो मऊ फडक्याने पुसायचा, बस्स.

पुढे आकडे. डोकं आणि छातीपट्टा यांवर एकच क्रमांक ठोकलेला असतो. तो जुळला नाही तर दोन हेल्मेटांची मोडतोड जोडून एक केलेलं समजावं. इथे जुळतो. डोकं छातीपट्ट्यावर ठेवून आठव्या भागाएवढं फिरवलं की आटे बसतात. माझ्या नकलेत ते बसतच नाहीत, डुगडुगतं.

पण मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो मागच्या हवेच्या झडपेपाशी. हवा आत जाऊ द्यायची, बाहेर मुळीच नाही, एवढंच तिचं काम. वरून हवा पुरवणारी नळी वर कुठे फुटली आणि ही झडप नसली, तर ३० मीटर खोलीवरचा चौपट दाब माणसाला अक्षरशः हेल्मेटात कोंबतो. हिच्यातलं चामड्याचं वायसर वाळून पापडासारखं झालंय. बदलून देऊ का, असं मी स्नेह्यांना विचारलं. ते म्हणाले, "कशाला? आता कोण उतरणार?" वायसर आहे तिथेच आहे.

माझ्या नकलेत त्या जागी नुसता पितळी ठोकळा आहे.

ज्यांना उचलून बघायचंय त्यांनी दोघं मिळून या. आणि बायांनो, हातात लिंबू नको.