इम्प्लांट बसवलेले लोक काय सांगतात?

नमस्कार मंडळी. दाताच्या इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेल्या कृत्रिम दाताचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "दुखतं का हो?"

ज्यांनी बसवून घेतलंय अशा बऱ्याच जणांना मी हे विचारलं. लालबागच्या एक काकू म्हणाल्या, "अगं, दाढ काढताना याहून जास्त त्रास झाला होता मला." बहुतेकांचं म्हणणं असंच. भूल दिलेली असते. ड्रिलचा आवाज येतो, जबड्यावर दाब येतो, डोक्यापर्यंत थरथर जाणवते, पण कळ येत नाही. भूल उतरली की ठणकतं. दोन-तीन दिवस गाल सुजलेला असतो, मग ओसरतो. एक मात्र लक्षात ठेवा. खालच्या जबड्यात इम्प्लांट केलंय आणि भूल उतरायची वेळ टळून गेली तरी ओठ किंवा हनुवटी बधिरच आहे, तर "उद्या बघू" म्हणू नका. लगेच डॉक्टरांना फोन करा, कारण तिथून नस जाते.

मग जड काय गेलं? वाट बघणं. हे जवळजवळ प्रत्येकानं सांगितलं.

(मॉडेल कॅमेऱ्याजवळ धरून) हे बघा. हा खालचा टायटॅनियमचा स्क्रू, हा हाडात जातो. त्याच्यावर हा छोटा जोड, याला अबटमेंट म्हणतात. आणि वर कॅप, म्हणजे तुम्हाला दिसणारा दात. स्क्रू बसवण्याचं काम एका बैठकीत होतं. पण हाडानं त्याला घट्ट धरायला साधारण 3 ते 6 महिने लागतात. स्वीडनचे डॉ. पेर-इंगवार ब्रोनेमार्क 1950 च्या दशकात सशांच्या हाडांवर प्रयोग करत होते. हाडात बसवलेला टायटॅनियमचा भाग काढायला गेले, तर तो निघेचना. हाड त्याला चिकटून वाढलं होतं. 1965 मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवलं. आजही सगळी मदार त्या चिकटण्यावरच आहे.

म्हणून "एका दिवसात दात" अशी जाहिरात दिसली की नीट विचारा. त्या दिवशी मिळतो तो बहुधा तात्पुरता दात, आणि तोही हाड भक्कम असेल तरच. पुढचा दात असेल तर मात्र तात्पुरत्याची सोय आधीच मागून घ्या. परळचे एक गृहस्थ ऑफिसात कित्येक महिने तोंडावर हात धरून बोलायचे. त्यांना असं काही मिळतं हे कोणी सांगितलंच नव्हतं! याचं मला खरंच वाईट वाटलं.

दाढ काढून बरीच वर्षं झाली असतील तर तिथलं हाड झिजलेलं असतं. मग ग्राफ्ट, म्हणजे तिथे हाडाची भर घालणं, वरच्या दाढांसाठी कधी सायनस लिफ्ट, म्हणजे वरच्या जबड्यातल्या पोकळीचा तळ उचलून खाली हाड भरणं. त्यात आणखी काही महिने आणि आणखी पैसे जातात. हा अंदाज सीबीसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी एक्स-रेमध्ये, आधीच येतो. तेव्हा खर्च विचारताना स्कॅन, ग्राफ्ट, अबटमेंट, कॅप सगळं धरून लेखी घ्या. फोनवर ऐकलेला आकडा नुसत्या स्क्रूचा असू शकतो. दुसरं मत हवं असेल तर मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे. तिथल्या ओपीडीत दाखवून या.

आता थोडं कळकळीनं सांगते. तंबाखू, मिश्री, सिगारेट चालू ठेवून इम्प्लांट करू नका. जखम नीट भरत नाही, स्क्रू ढिला पडायचा धोका वाढतो. शुगर असेल तर ती आधी आटोक्यात आणा. आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल, तर ते डॉक्टरांना न विसरता सांगा. घरातल्या आजींच्या बाबतीत हे हमखास राहून जातं.

कॅप बसल्यावर भाकरी, चकली सगळं खाता येतं. सुरुवातीला चावताना थोडं वेगळं वाटतं, कारण खऱ्या दाताभोवती जो लवचीक पडदा असतो तो इथे नसतो. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी बिघडते आणि हळूहळू हाड झिजतं. बऱ्याचदा दुखतही नाही. ब्रश करताना तिथून रक्त आलं तर लगेच दाखवा. फटीत फिरवायचा छोटा ब्रश मिळतो, तो रोज वापरा.

आणि इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या. त्यावर कंपनी, साइज, बॅच नंबर असतो. उद्या डॉक्टर बदलले आणि जोड ढिला झाला, तर त्याच मापाचा भाग त्या कार्डावरूनच मागवता येतो. घरी गेल्या गेल्या त्याचा फोटो काढून मुलांना पाठवून ठेवा.