एरी सरोवरावरचा हिरवा तवंग

नमस्कार, श्रोतेहो.

2 ऑगस्ट 2014, शनिवार. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात पहाटेच निरोप फिरला : नळाचं पाणी पिऊ नका. उकळूनही पिऊ नका.

पाण्याची शंका आली की उकळून प्यावं, ही आपली लहानपणापासूनची शिकवण. इथे ती उलटी पडते. उकळताना पाण्याची वाफ होते, विष मात्र खाली राहून अधिक दाट होतं. हे विष म्हणजे मायक्रोसिस्टिन, थेट यकृतावर घाला घालणारं. ते तयार करणारं नीलहरित शैवाल एरी सरोवरात, नेमकं शहरासाठी पाणी उपसतात तिथे साचलं होतं. सुमारे 4 लाख माणसं जवळजवळ तीन दिवस बाटलीबंद पाण्यावर राहिली.

एरीचा पश्चिम भाग उथळ आहे. मॉमी नदी शेतांतल्या खतांचं फॉस्फरस त्यात आणून सोडते, आणि त्यावर शैवाल पोसतं. पाणी तापलं आणि वारा पडला, की शैवालाचा तवंग वर येतो.

एवढ्या मोठ्या सरोवरावर बोटी किती फिरणार? म्हणून उपग्रह. पण नुसता हिरवा रंग टिपून भागत नाही, कारण निरुपद्रवी शैवालही हिरवंच असतं. नीलहरित शैवालात फायकोसायनिन हे रंगद्रव्य असतं आणि ते 620 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, म्हणजे नारिंगी-तांबडा प्रकाश शोषून घेतं. पाण्यावरून परतणाऱ्या उजेडात तेवढ्याच पट्टीत घट दिसली, की ओळख पटते. युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहावरचं मेरिस हे उपकरण 2002 पासून ही पट्टी मोजत होतं. एप्रिल 2012 मध्ये त्या उपग्रहाशी संपर्क तुटला. टोलेडोवर संकट आलं तेव्हा मोडिस या उपकरणावर भागवावं लागलं, आणि त्यात ही बारीक पट्टी नव्हती. 2016 मध्ये सेंटिनेल-3 हा उपग्रह अवकाशात गेला, तेव्हा कुठे ती उणीव भरून निघाली.

तरी विषाला स्वतःचा रंग नसतो. तवंग कुठे आहे, वारा त्याला कुठे नेईल, एवढं वरून कळतं. तो किती विषारी, हे पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासल्यावरच. शिवाय ढग आले की चित्रच मिळत नाही.

हाच सेंटिनेल-3 आपल्या उजनी आणि जायकवाडीवरूनही जातो, आणि त्याची माहिती कुणालाही विनामूल्य मिळते. सोलापूर उजनीचं पाणी पितं, छत्रपती संभाजीनगर जायकवाडीचं. आपल्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी निरभ्र दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, उपग्रह वरून जात असतानाच धरणातला नमुना घ्यावा आणि दोन्ही आकडे ताडून पाहावेत, असं मला फार मनापासून वाटतं.