थंडीतली डोंगरधाव: आधी ओल सांभाळा

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर लागला की रंकाळ्यावर पहाटे पळणाऱ्यांची गर्दी वाढते. त्यातले कितीतरी जण आता डोंगरातल्या पन्नास-साठ किलोमीटरच्या शर्यतींची तयारी करतात, आणि त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: आपल्याकडं थंडी असते तरी किती? पारा बारा-चौदा अंशांवर. तेवढ्यासाठी जाकिटाचं ओझं कशाला वागवायचं?

पळणाऱ्याला नुसता पारा फारसा छळत नाही. छळते ती ओल, आणि ओलीला वारा मिळाला की मग विचारूच नका. पळताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिचा जवळजवळ तीनचतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणून पन्हाळ्याच्या चढाला गारठ्यातही बनियन भिजतं. पण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं. तुम्ही चढ संपवून उघड्या पठारावर आलात, दमून चालायला लागलात, म्हणजे आतून ऊब कमी आणि बाहेरून वारा जास्त. हुडहुडी भरते ती इथं.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरशर्यत होती. १७२ जण पळत होते. उंचावर अचानक गार पाऊस, गारा आणि सोसाट्याचा वारा सुटला. बहुतेकांच्या अंगावर चड्डी आणि पातळ टीशर्ट. २१ जण दगावले, आणि त्यांत त्या देशातले नावाजलेले धावपटूही होते. वारा अडवणारं जाकीट त्या शर्यतीत सक्तीचं नव्हतं. महिना मे होता, हे ध्यानात घ्या.

आता कपड्यांचं. सुती बनियन घरी ठेवा, कितीही मऊ असलं तरी. सूत घाम शोषतं आणि धरून बसतं. अंगालगत घट्ट बसणारा पॉलिस्टरचा किंवा पातळ लोकरीचा टीशर्ट हवा. त्यावर गरजेनुसार चढवायच्या बाह्या, आणि पाठीवरच्या बॅगेत घडी करून मुठीत मावेल असं टोपीवालं विंडचीटर. पावसाची शक्यता असेल तर शिवणीवर आतून पट्टी लावलेलं जलरोधक जाकीट. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. घरी जाकीट घालून शॉवरखाली पाच मिनिटं उभे राहा. खांदे आणि चेनची रेघ आतून ओली झाली, तर ते जाकीट गावात फिरायला ठेवा. कानटोपी किंवा बफ (गळ्यात-डोक्यावर चढवायची कापडी नळी), पातळ हातमोजे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कोरडा टीशर्ट, एवढं पुरतं. मोठ्या शर्यतींत चकचकीत पातळ पन्नी, म्हणजे सर्व्हायव्हल ब्लँकेट, सक्तीचं असतं. वजन सत्तर ग्रॅमच्या आत असतं. आपल्याकडं आयोजकांनी मागितलं नाही तरी घ्या.

सुरुवातीच्या रेषेवर थोडं काकडायलाच हवं. तिथं उबदार वाटत असेल तर दुसऱ्या किलोमीटरला घामाघूम व्हाल. चेन उघडा, बाह्या खाली करा, टोपी काढा. पण घाम साचू देऊ नका. आणि जाकीट घालायचं ते थंडी वाजल्यावर नाही, आधी. म्हाळुंग्याकडून मसाई पठारावर चढताना माथ्याच्या पन्नास पावलं अलीकडं, उताराच्या आडोशाला थांबून जाकीट चढवा. पठारावर पोचल्यावर तेच काम वाऱ्यात करावं लागतं, आणि तोवर बोटं बधिर झालेली असतात.

बोटांचं जरा नीट ऐका, कारण पुष्कळांची शर्यत तिथं फसते. बधिर बोटांना चेनचा चिमुकला कान सापडत नाही, जेलचं, म्हणजे पळताना चोखायच्या गोड लगद्याचं, पाकीट फाटत नाही, बुटाची नाडी सुटत नाही. मग खाणं राहतं, जाकीट राहतं. उपाय साधे आहेत. प्रत्येक चेनला बोटभर लांबीचा नाडीचा फास बांधा, हातमोज्यासकट ओढता येईल असा. चिक्कीचे आदल्या रात्रीच घासाएवढे तुकडे करून सुटसुटीत पुडीत ठेवा. थंडीत ती दगडासारखी कडक होते. जेलच्या पाकिटाला अगोदरच छोटी चीर द्या आणि चिकटपट्टी लावून ठेवा.

खाण्याबद्दल कोल्हापूरकरांना सांगायचं म्हणजे धाडसच. तरीही, गुऱ्हाळातल्या चुलाणात चिपाडं पडायची थांबली की काहिलीतला रस निवतो, तशीच अंगाची गत. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एक मध्यम केळं म्हणजे साधारण २५ ग्रॅम, गुळाचा २० ग्रॅमचा खडा म्हणजे १८-१९ ग्रॅम. मीठ लावलेला उकडलेला बटाटा गोडाचा कंटाळा घालवतो. शेंगदाण्याचा लाडू चांगला, पण तेलकट असल्यानं पचायला वेळ घेतो; तो चालायच्या टप्प्यात खा. दर अर्ध्या तासाला घड्याळ पाहून खा, भुकेवर विसंबू नका. तांबडा-पांढरा रस्सा शर्यत झाल्यावर, आदल्या रात्री नको.

गारठ्यात तहान लागत नाही, पण पाणी जातच असतं. तासाला ४०० ते ५०० मिलिलिटर, घोट घोट. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटरातच विरघळवा. अर्ध्या लिटरात घातली की मीठ-साखर दाट होते आणि पोट बिघडतं. उलट, भीतीपोटी नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं, तेही धोक्याचंच.

पायांकडं वळू. पहाटेच्या दवानं गवत चिंब असतं, त्यामुळं पहिल्या अर्ध्या तासातच मोजे भिजतात. सुती मोज्यांनी फोड येणार म्हणजे येणारच. बोटांच्या बेचक्यात आणि टाचेला व्हॅसलीन चोळा, बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या. दव पडलेला शेवाळी जांभा साबणासारखा असतो. तिथं लांब ढांगा टाकू नका, पाऊल सपाट ठेवा.

सूर्य उगवायला जानेवारीत सात वाजतात, म्हणजे हेडटॉर्च लागणारच. धुक्यात कपाळावरचा उजेड थेट डोळ्यांवर परततो; टॉर्च कमरेशी धरा, वाट दिसते. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून सुटा सेल अंगालगतच्या खिशात ठेवा. आणखी एक: पहाटे वारा पडलेला असताना थंड हवा खोलगट भागात साचते. कित्येकदा चिखली-आंबेवाडीच्या मळ्यांत पन्हाळ्याच्या माथ्यापेक्षा जास्त गारठा असतो. शर्यतीचा नकाशा पाहताना नुसती उंची नव्हे, ओढे आणि खोरीही पाहा.

सरावाबद्दल आमचं मत बहुतेकांना उलटं वाटेल. थंडीच्या शर्यतीचा सराव हिवाळ्यात कमी आणि पावसाळ्यात जास्त होतो. ओल आणि वारा एकत्र भेटतात ते जुलैत, गगनबावड्याला किंवा पन्हाळा ते पावनखिंडीच्या वाटेवर. १६६० च्या त्या जुलैतल्या रात्रीची आठवण म्हणून दरवर्षी असंख्य तरुण ही वाट चालतात. चालताना मजेत असतात आणि मुक्कामाला थांबले की दात वाजायला लागतात. जाकीट, हातमोजे, पुड्या, सगळं सामान त्या दिवसांत वापरून बघा. काय गळतं, काय घासतं, ते तिथं कळेल.

लडाखची गोष्ट मात्र वेगळी. खार्दुंगला चॅलेंज ही तिथली शर्यत ७२ किलोमीटरची, खिंड ५,३०० मीटरच्या वर, हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. ती तयारी कोल्हापुरात पुरी होत नाही. लेहला बरेच दिवस आधी जाऊन राहावंच लागतं. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची प्यायची नळी तिथं गोठते. घोट घेतल्यावर नळीत फुंकर मारून पाणी परत पिशवीत ढकला. बाटली असेल तर उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो आणि तोंड मोकळं राहतं.

आता धोक्याची खूण. सोबतचा अडखळायला लागला, बोलणं जड झालं, उगाच चिडायला लागला, तर तो थकलाय असं समजून पुढं निघू नका. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की असं होतं. थरथर चालू आहे तोवर अंग झगडतंय. शुद्ध हरपत असताना थरथर थांबली, तर प्रकरण गंभीर आहे. वाऱ्याच्या आडोशाला न्या, ओले कपडे उतरवा, कोरडे चढवा, खाली बॅग किंवा वाळलं गवत घाला, वरून पन्नी गुंडाळा. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच कोमट गोड चहा द्या. हातपाय चोळू नका. ‘थोडी घेतली की ऊब येते’ म्हणणाऱ्याला लांब ठेवा. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उरलीसुरली ऊब निघून जाते. १०८ ला फोन करा आणि जागा नेमकी सांगा.

शर्यत संपल्यावर फोटोआधी कपडे बदला, दहा मिनिटांच्या आत. आणि पन्हाळ्यावरून किंवा जोतिबावरून दुचाकीनं घरी येणार असाल, तर ओल्या टीशर्टवर गाडीला किक मारू नका. ताशी चाळीसच्या वेगानं घाट उतरताना लागणारा वारा अख्ख्या शर्यतीत लागला नसेल एवढा असतो, आणि ब्रेक दाबणारी बोटं तीच बधिर झालेली असतात. जाड स्वेटर आणि हातमोजे सकाळीच डिकीत टाकून ठेवा, आणि शक्यतो न पळालेल्या माणसाला गाडी चालवू द्या.

नमस्कार.