पाणी वर येईपर्यंत

(पडदा काळा. लांबून लाटेचा आवाज. हळूहळू उजाडतं आणि ओला, चकचकीत चिखल दिसू लागतो.)

पाणी आत गेलंय. इतकं आत, की समुद्र म्हणजे क्षितिजावरची एक रेघ. त्या रेघेच्या काठाकाठाने काही ठिपके हलताहेत. दुर्बीण लावली तरी ठिपकेच.

सुट्टीसाठी समुद्रावर आलेला, गळ्यात कोरी दुर्बीण अडकवलेला माणूस बरेचदा नेमका याच वेळी इथे पोचतो. पक्षी बघायचे तर पहाटे उठावं, असं त्याने ऐकलेलं असतं. झाडाझुडपांत ते खरं आहे. इथे मात्र सूर्याच्या आधी चंद्राला विचारावं लागतं.

बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर दुसरी भरती येते ती साधारण 12 तास 25 मिनिटांनी. आज सकाळी नऊला भरती असेल, तर उद्या ती दहाला दहा कमी असताना. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण. पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा ते ना धड वर येत, ना धड खाली जात. कोळ्याला हे सांगावं लागत नाही. सुट्टीवर आलेल्याला मात्र भरतीचं वेळापत्रक बघूनच सकाळचा बेत ठरवावा लागतो.

सोपा हिशेब असा. पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी या. सूर्य पाठीशी घ्या. आणि उभे राहा.

(पाण्याची पातळ जीभ चिखलावरून पुढे सरकते. तिच्या पुढे पुढे पक्षी.)

ठिपक्यांना आता पाय फुटले. पाणी जसजसं वर येतं तसतसा चिखल आक्रसतो, आणि त्यावर चरणारा प्रत्येक पक्षी आपल्या दिशेने ढकलला जातो. पक्ष्यांच्या मागे चिखल तुडवत जाणाऱ्यांना दिसतात ती उडालेल्या पक्ष्यांची शेपटं. पक्षीनिरीक्षणाची 'फेरी' म्हणतात खरं, पण समुद्रकाठी त्या फेरीत चालणं फार थोडं असतं.

पक्षी जवळ आले की पहिली अडचण येते. सगळे सारखेच! सगळे मातकट, सगळ्यांचं पोट पांढरं. अशा वेळी रंगांच्या मागे लागू नका. कोण कसा जेवतो ते बघा.

हा चिखल्या. धावतो, थबकतो, टिपतो. पुन्हा धावतो. डोळे मोठे, चोच आखूड. तो नजरेने शिकार करतो, म्हणून त्याला थांबून बघावं लागतं. त्याच्या शेजारी डनलिन. त्याला थांबणं माहीत नाही. शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात वर-खाली चाललेली. तो चाचपून खातो. चोच चिखलात रुतलेली असताना तो तिचं फक्त टोक उघडू शकतो. म्हणजे चिमटा जमिनीखाली आणि मूठ वर.

त्या पलीकडे कोरल, खाली वळलेल्या लांबलचक चोचीचा. इतर चोची पोचत नाहीत त्या बिळातला खेकडा किंवा किडा तो ओढून काढतो. खडकांवर लाल चोचीचा कालवफोड्या. नाव कालवाचं, पण शिंपले फोडण्यातही तो तितकाच पटाईत. आणि दगडगोटे, शेवाळ उलथून खाली काय दडलंय ते बघणारा टर्नस्टोन. एकाच चिखलावर इतक्या जणांचं भागतं, कारण प्रत्येकाची चोच वेगळ्या खोलीपर्यंत जाते.

(आवाज अचानक थांबतो. सगळा थवा एकदम वर.)

हे का उडाले? वर बघा. बहिरी ससाणा.

हजारो पंख एका दमात वळतात. पाठी दिसल्या की थवा काळा, पोटं दिसली की पांढरा. काळा, पांढरा, काळा. ससाण्याला त्यातला एक निवडायचा असतो आणि तो एक त्याच्या नजरेत ठरत नाही. या क्षणी दुर्बीण खाली घ्यावी. हे दृश्य तिच्या वर्तुळात मावत नाही.

जाता जाता एक कबुली. मी एकदा अर्धा तास एका समुद्रबगळ्यावर दुर्बीण रोखून उभा होतो. निश्चल, ध्यानस्थ बगळा. वारा सुटला तेव्हा तो फुगला. प्लॅस्टिकची पिशवी होती.

(नकाशा. त्यावर एक रेघ उत्तरेकडून दक्षिणेकडे उमटत जाते.)

हा चिखल दिसायला ओसाड, पण कुणासाठी तरी तो लांबच्या वाटेवरचा मुक्काम असतो. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पट्टेरी शेपटीचा एक गॉडविट अलास्कातून निघाला. वय जेमतेम पाच महिने. अंगावर उपग्रहाशी बोलणारा चिमुकला ट्रान्समीटर, नाव नाही, नुसता क्रमांक: 234684. हा पक्षी 11 दिवसांनी टास्मानियात उतरला. 13,560 किलोमीटर, वाटेत कुठेही न थांबता. याच्या पायाला बदकासारखे पडदे नाहीत. समुद्रावर उतरून विसावा घेणं त्याला जमत नाही. खाली अख्खा प्रशांत महासागर होता आणि पाय टेकायला जागा नव्हती.

हे साधतं ते निघण्याआधी खाल्लेल्यावर. अलास्कातून निघणाऱ्या गॉडविटच्या वजनात निम्म्याहून अधिक चरबी आढळली आहे. आणि प्रवासात ज्यांचं काम नाही ती जठर, आतडी आधीच आक्रसलेली असतात. घर सोडताना चूल विझवून निघावं, तसं.

दुसरा प्रवासी रेड नॉट. 1995 साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, तिएरा देल फुएगोमध्ये, अशा एका पक्ष्याच्या पायात कडं घातलं गेलं आणि पुढे त्याला बी 95 ही खूण मिळाली. आर्क्टिकपर्यंत जायचं आणि परत यायचं, असं दर वर्षी. तो 2014 मध्येही दिसला. तोवर त्याचं आयुष्यभराचं उड्डाण चंद्रापर्यंतच्या अंतराहून जास्त भरलं होतं, म्हणून लोक त्याला मूनबर्ड म्हणू लागले. त्याचे भाऊबंद उत्तरेकडे जाताना अमेरिकेतल्या डेलावेअर उपसागराच्या काठी थांबतात, तिथे नालखेकड्यांनी घातलेल्या अंड्यांवर ताव मारतात आणि दोनेक आठवड्यांत वजन जवळपास दुप्पट करून पुढे निघतात.

म्हणून किनाऱ्यावर एखादा मोकळा सुटलेला कुत्रा थव्यामागे धावतो, आणि मालक कौतुकाने मोबाइल काढतो, तेव्हा मला हसू येत नाही. दर उड्डाणाला साठवणीतलं काहीतरी खर्च होतं. थवा फोटोसाठी मुद्दाम उडवणारे छायाचित्रकारही आहेत, आणि त्यांना तर हे कळत असतं.

(उन्हाळ्यातली पुळण. वाळूवर वाळूच्याच रंगाची तीन अंडी. ती दिसायला वेळ लागतो.)

विणीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट. चिखल्याचं घरटं म्हणजे वाळूतला एक खळगा. एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत तुमच्यापुढे पळू लागला, तर त्याच्या मदतीला धावू नका. पंख शाबूत आहे. तो तुम्हाला अंड्यांपासून लांब नेतोय. आल्या पावली मागे फिरा, पाय कुठे पडतोय ते बघत.

(दृश्य बदलतं. तळं. लव्हाळा. कडेला लाकडी लपण, तिला आडवी फट.)

सुट्टी संपली. यादीत तीस-चाळीस नवी नावं आली. आता घराजवळचं राखीव क्षेत्र. छोटंसं तळं, थोडी दलदल, एक पायवाट आणि लाकडी लपण, ज्याला सगळे हाइड म्हणतात.

खरं सांगायचं तर पहिल्या दोन-तीन फेऱ्या कंटाळवाण्या जातात. समुद्राने सवय बिघडवलेली असते. लपणीत बसल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही. पक्षी बिचकतात ते माणसाच्या हालचालीला आणि उभ्या आकृतीला, आणि आपण आत शिरताना तेच दाखवलेलं असतं. दहा मिनिटं उलटली की लव्हाळ्यातून पाणकोंबडी बाहेर येते.

फांदीखाली विष्ठेचा पांढरा सडा दिसला, तर वर बघा. ती खंड्याची बैठक. आज नसेल, पुढच्या खेपेला असेल. टिबुकली बुडाली की मनातल्या मनात अंक मोजा. ती कुठे वर येईल याचा अंदाज तुम्ही पाच वेळा चुकवाल. पिल्लं झाली की ती आई-बापाच्या पाठीवर, पंखांत दडून फिरतात. नुसती डोकी बाहेर.

दुर्बिणीबद्दल लोक फार विचारतात. 8 गुणिले 42 पुरते. आठ म्हणजे आठपट मोठं दिसणं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटीची घेतली की हाताची थरथरही तितक्याच पटीने दिसते. आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगणारी ॲपही आता आहेत. चांगली आहेत. पण पडद्यावर नाव उमटण्याची वाट बघणारा माणूस झाडाकडे बघत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

(वही. तारखा. त्याच त्या नावांच्या रांगा.)

राखीव क्षेत्रातली गंमत या वहीत आहे. तीच वाट, तेच तळं, तीच नावं. आणि मग एका आठवड्यात एक नाव गळतं. समुद्रावर तुम्हाला फक्त 'आहे' दिसतं. काय नाही ते पाहुण्याला कसं कळणार? रोजच्या वाटेवर 'नाही' सुद्धा दिसू लागतं. गेल्या महिन्यापर्यंत त्या बांधावर टिटवी ओरडायची. आता बांध गप्प आहे.

शास्त्रज्ञांनाही हे 'नाही' हवं असतं. 2002 मध्ये सुरू झालेल्या ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर, यादी भरताना एक प्रश्न विचारला जातो: ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? 'हो' म्हटलं की न लिहिलेल्या नावांनाही अर्थ येतो. तेव्हा कावळा, साळुंकी गाळू नका. दुर्मीळ पक्षी तर कुणीही लिहितं.

(तळ्याचा काठ. उन्हं कलती.)

1971 च्या 2 फेब्रुवारीला इराणमधल्या रामसर गावी पाणथळींबद्दलचा एक करार झाला. त्यातली पाणथळीची व्याख्या मला आवडते. दलदल आली, तळं आलं, वाहतं पाणी आलं, साचलेलं आलं, गोडं, मचूळ, खारं आलं. आणि ओहोटीला जिथे सहा मीटरहून अधिक खोली उरत नाही तो समुद्रही आला. सुट्टीतला तो अवाढव्य चिखल आणि हे डबकं, दोन्ही एकाच वाक्यात बसतात.

पक्ष्यांना हे करार व्हायच्या आधीपासून ठाऊक असावं. तो बघा, काठावर. चिमणीपेक्षा मोठा, पाठ तपकिरी, पोट पांढरं, खांद्यापाशी पांढरं टोक वर घुसलेलं. तुतवार. समुद्रावर खडकाच्या कडेने हाच चालत होता. हाच म्हणजे याच जातीचा. तिथे शेकडोंच्या गर्दीत आपण त्याच्याकडे नीट बघितलंही नव्हतं.

वहीत त्याच्या नावापुढची जागा पाच महिने रिकामी होती.

(तुतवार जवळून. मागे तळ्याचं पाणी.)

तो दोन पावलं चालतो. थांबतो. थांबला तरी शेपटी थांबत नाही. वर, खाली, वर, खाली.

(आवाज फक्त पाण्याचा.)