लाल टोपीवाली आणि दोरे यांचा लांडगा

श्रोतेहो, नमस्कार. आज रेडिओवरून चित्रं दाखवायचा घाट घातलाय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

चित्रं आहेत गुस्ताव्ह दोरे या फ्रेंच चित्रकाराची. शार्ल पेरो यांच्या परीकथा पहिल्यांदा छापल्या गेल्या १६९७ साली. त्यांची भल्यामोठ्या आकाराची सचित्र आवृत्ती पॅरिसच्या एत्झेल या प्रकाशकांनी १८६२ मध्ये काढली. पुढच्याच वर्षी ज्यूल व्हर्नला वाचकांसमोर आणणारे ते हेच एत्झेल. दोरे तेव्हा जेमतेम तिशीचे होते.

त्यातली लाल टोपीवाली आपण सगळे ओळखतो. पण या पुस्तकातली चित्रं काळी-पांढरी, त्यामुळे टोपीचा लाल रंग ज्याचा त्याने मनात भरायचा. दोरे लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र काढत, पुष्कळदा कुंचल्याने छटा देत. त्या करड्या छटांच्या बारीक रेघा करून लाकूड कोरायचं काम पानमाकर, पिझाँ यांच्यासारख्या कारागिरांचं. जंगलातला तो दाट अंधार निम्मा त्यांच्या हातचा आहे.

पहिलं चित्र जंगलातलं. लांडगा आपल्याकडे बहुतेक पाठ करून उभा आहे, अवाढव्य, मुलीला अगदी खेटून. ती मान वर करून त्याच्याकडे बघतेय. तो गुरगुरत नाही, दात दाखवत नाही. वाटेत भेटलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसासारखा उभा आहे, आणि मला तरी भीती वाटते ती त्याचीच.

दुसऱ्या चित्रात लांडगा आजीच्या पलंगावर चढलाय. तपकिरीची डबी सांडलीये, मांजर पलंगाखाली दडलंय. एवढ्या धांदलीत दोऱ्यांना मांजर सुचलं! लहान मुलं हे चित्र बघताना आधी तेच शोधून काढतात.

आणि तिसरं. पलंगावर दोघं शेजारी-शेजारी. लांडग्याच्या डोक्यावर आजीची झालरीची टोपी. मुलीचे केस मोकळे, अंगावरचं पांघरूण तिने जवळ ओढून धरलंय आणि डोळे तिरके करून ती त्याच्याकडे बघतेय. किंचाळत नाही, पळतही नाही. तिला कळलंय, एवढंच दिसतं.

यानंतर लाल टोपीवालीचं चित्र नाही. पेरोंच्या गोष्टीत लांडगा तिला खातो आणि गोष्ट संपते. पोट फाडून दोघींना बाहेर काढणारा शिकारी आला तो ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात. खाण्याचा प्रसंग दोऱ्यांनी काढलाच नाही, आणि माझ्या मते त्यांचं मोठेपण तिथेच आहे. हल्लीच्या पुष्कळ आवृत्त्यांमध्ये लांडगा गुबगुबीत, हसरा असतो. मुलं घाबरतील म्हणून. अहो, पण असल्या लांडग्यापासून आजीला कसला धोका? चित्रातली भीती मुलाच्या हातात असते. नको वाटलं की पान उलटायचं, धीर आला की परत उघडायचं. मुलं तसंच करतात.

पेरोंच्या बाजूलाही ही भीती मुद्दाम घातलेली होती. या कथांची १६९५ ची एक हस्तलिखित प्रत न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. लांडगा ‘तुला खायला’ म्हणतो, त्या जागी समासात सूचना लिहिलीये: हे शब्द मोठ्या आवाजात म्हणावेत, म्हणजे लांडगा आता खाणारच असं वाटून मूल दचकेल. आम्हा आकाशवाणीवाल्यांच्या संहितेतही अशाच सूचना असतात बरं का.

दोऱ्यांची चित्रं आज कुणीही छापू शकतं, त्यामुळे स्वस्त आवृत्त्याही मिळतात. घेताना दोन गोष्टी बघा. छपाईत बारीक रेघा मिटून नुसता काळा गोळा तर झालेला नाही ना, आणि तिसरं चित्र गाळलेलं तर नाही ना. शिकारी आणून शेवट गोड केलेला असला, तर घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी घेत नाही.