सुईच्या नेढ्याएवढं भोक

(टेबलावर अंथरलेलं वर्तमानपत्र. त्यावर मोटरसायकलचा खोललेला कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग.)

पितळेचा हा बारका तुकडा म्हणजे मेन जेट. अंगावर आकडा कोरलाय, ११०. केहिन या कार्ब्युरेटर कंपनीच्या जेटवर त्याचा अर्थ साधा आहे : मधल्या भोकाचा व्यास १.१० मिलिमीटर. सुईच्या नेढ्याएवढा. मूठ, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, पूर्ण पिळली की इंजिनाचं जवळजवळ सगळं पेट्रोल इथूनच जातं.

घरी गाडीवर काम काढलं की पहिला हात पडतो तो सायलेन्सरवर. तो मोकळा केला, एअर फिल्टर काढून टाकला, की आवाज भरतो आणि गाडी सुटल्यासारखी वाटते. वाटते, एवढंच. हवा वाढली, जेट तोच राहिला. वजनाने एक भाग पेट्रोल पुरतं जळायला १४.७ भाग हवा लागते. जास्तीत जास्त ताकद मात्र त्याहून रिच, म्हणजे जास्त पेट्रोलच्या मिश्रणावर, १२.५ ते १३ भाग हवेच्या आसपास मिळते. हवा वाढत गेली की मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, मूठ सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात. काहींना तेही आवडतात म्हणा! फिल्टर नसल्यामुळे आत गेलेली धूळ मात्र सिलिंडर घासत बसते.

नुसती मोकळी नळी म्हणजे ताकद नव्हे. पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटरसायकल कंपनीत इंजिनिअर वॉल्टर काडेन यांनी टू-स्ट्रोक इंजिनाच्या सायलेन्सरला पोट दिलं, मग शेपटीकडे निमुळतं केलं. त्यातून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ साली त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवणं हा मोठा उद्योग. ५७ मिलिमीटर बोअर, ५८.६ स्ट्रोक (पिस्टनची धाव) : १४९.५ सीसी. बोअर ६० केला की १६५.७. हेड तेच ठेवलं तर कॉम्प्रेशनही चढतं, आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अवेळी भडका, सुरू झालं की पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात. पुढच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचा, एक दात कमी केला, १४चे १३, तर पिकअप लगेच जाणवतो. पण इंजिनाची ताकद तसूभरही वाढत नाही, त्याच वेगाला ते जवळजवळ ८ टक्के जास्त फिरतं, इतकंच.

(बंद ट्रॅक. गाडी पूर्ण मुठीवर. क्लच दाबून इंजिन जागीच बंद.)

आता काढलेला स्पार्क प्लग. काळी काजळी म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन, रंग फिकट तपकिरी असायला हवा. अर्ध्या मुठीचा हिशोब वेगळा, तिथे कार्ब्युरेटरमधल्या सुईची क्लिप बोलते : क्लिप एक खाच खाली, सुई वर, पेट्रोल जास्त. पण एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

११०चा ११२ झाला, मग ११५.

(प्लग उजेडात धरलेला.)

अजून पांढराच आहे. ११८ काढा.